मेंदूतला वायू आणि मावशीचा पुदिना

माझ्या तापट डोक्यापायी आजवर एक मिक्सर, एक लग्नाची बोलणी आणि एक जुनी मैत्रीण गेली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मिक्सर तसाही आवाजच जास्त करायचा, आणि बोलण्यांचंही तेच होतं. पण त्याच डोक्यापायी दोन उंदीर फुकट मेले, ते मात्र मनातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

मी उंदराच्या मेंदूतला वायू मोजायचे. हे आमच्या हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई चहा गाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वायू पोटात असतो. डोक्यात गेला तर ओवा घ्यायचा." बाबांना माझा फार अभिमान. त्यांनी गल्लीभर सांगितलं की पोरगी मेंदूची डॉक्टर होतेय. तेव्हापासून समोरचे काका दर अमावास्येला अर्धशिशी घेऊन माझ्याकडे यायला लागले. मी त्यांना सांगितलं, काका, मी उंदरांची आहे. ते म्हणाले, चालेल.

तर तो वायू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. कोटीच्या चौकात गाड्यांच्या धुरात नाक जळतं ना, त्या धुरात हाही असतो. पण तोच वायू आपल्या मेंदूतल्या पेशी चिमूट-चिमूट तयार करतात, शेजारच्या पेशीला निरोप द्यायला. गंमत अशी की तो साठवून ठेवता येत नाही. बनला की पसरतो आणि काही सेकंदांत संपतो. त्यामुळे मेलेल्या मेंदूत तो शोधून उपयोग नाही. जिवंत मेंदूत, तो बनत असतानाच, तिथल्या तिथे पकडावा लागतो.

पकडायचा कसा, तर कार्बनचा एक तंतू घ्यायचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. तो काचेच्या नळीत ओवायचा. त्याच्या टोकावर असा लेप द्यायचा की वायू आत येईल, पण मेंदूतलं क जीवनसत्त्व बाहेर राहील, कारण तेही तंतूला फसवतं. मग भूल दिलेल्या उंदराच्या कवटीला मोहरीएवढं भोक पाडायचं, तंतू हळूहळू आत उतरवायचा आणि शेजारी औषधाचा एक थेंबुटा सोडायचा. पेशी जाग्या होतात, वायू सोडतात, तंतूतून अगदी इवलासा प्रवाह वाहतो आणि पडद्यावरची सरळ रेषा वर चढून दहा-बारा सेकंदांत खाली उतरते. त्या टेकाडासाठी मी सहा वर्षं घालवली.

उंदीर त्या भुलीतून परत उठत नाही. हे मी घरी कधीच सांगितलं नाही. एका उंदराची एकच संधी, आणि उंदीरही मागाल तितके मिळत नाहीत. किती लागणार ते आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला लिहून द्यावं लागतं, नंतर एकही जास्त मिळत नाही. शेवटच्या वर्षी माझ्या नावावर सहा उंदीर उरले होते आणि प्रबंध पुरा व्हायला चार चांगली टेकाडं हवी होती. शिष्यवृत्ती जूनअखेर संपत होती. दोन उंदीर जादा म्हणून मी निवांत होते.

हे उंदीर ज्यांच्या हातचे, त्या मावशी. नांदेडकडच्या, तीस वर्षांपासून मलकपेठेत राहणाऱ्या. संस्थेच्या उंदीरघरात पिंजरे धुणं, खाणं-पाणी, बाळंतपणं, सगळं त्या बघायच्या. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि त्या दिवशी उंदीर मागितलेला त्यांना आवडायचा नाही. त्या उंदरांना नावं ठेवत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नाव ठिवलं की देताना हात थरथरतो गं ताई." पण प्रत्येकाची खोड त्यांना पाठ. हा भित्रा आहे, ह्याला मागून हात लावू नको, हा उगंच चावल्यासारखं करतो, मनाचा चांगला आहे. पिंजरा हातात द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता विचारायच्या, "कामी आला का?"

मी हौ म्हणायचे. मग त्या मान डोलवून पुढच्या कामाला लागायच्या. एवढंच त्यांना हवं असायचं.

रोज सकाळी उंदरांच्या बाटल्यांतलं पाणी बदलायचं असतं. उरलेलं पाणी मोरीत ओतणं मावशींच्या जिवावर यायचं. त्यांचं लहानपण घागरीमागे मैलभर चालण्यात गेलेलं. म्हणून त्या ते बादलीत गोळा करून इमारतीमागे न्यायच्या. तिथे, बरोबर माझ्या प्रयोगाच्या खोलीच्या खिडकीखाली, जमिनीत एक लोखंडी झाकण होतं आणि त्याच्या भोवती मावशींनी पुदिना लावला होता. काय पुदिना होता तो. अर्ध्या संस्थेची चटणी त्यावर चालायची. मावशी ज्वारीच्या भाकरीबरोबर डब्यात ती चटणी आणायच्या आणि मी माझे पोहे त्यांच्या पुढ्यात सरकवून ती खायचे. त्या झाकणाखाली काय आहे, हे तेवढ्या शिकलेल्या लोकांत कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

मार्चची गोष्ट. मी एक तंतू तीन दिवस खपून तयार केला होता. तो चाचणीसाठी काचेच्या पेल्यातल्या द्रावणात उतरवत होते. श्वास रोखलेला, बोटं स्क्रूवर. आणि एक डास येऊन भुवईच्या बरोबर वर बसला. मी हलले नाही. तो चावला. मी तरीही हलले नाही. मग त्याने जागा बदलून पुन्हा चावलं, आणि माझा हात गेला. टक् करून टोक तुटलं. तीन दिवस पाण्यात गेले.

शहाणी बाई असती तर जाळीचं तावदान लावून घेतलं असतं. मी उठले, संगणक उघडला आणि त्याच रागात कार्यालयाला पत्र लिहिलं. इमारतीमागे रोज पाणी ओतलं जातं, त्यामुळे डास होतात, ओल येते, ओलाव्याने संवेदनशील उपकरणांची मापं बिघडतात, तरी तातडीने कारवाई व्हावी. ओलाव्याचं मी मनानंच घातलं. शास्त्रीय दिसावं म्हणून.

आमचं कार्यालय म्हणजे खुर्चीचं चाक बदलायला पाच महिने घेणारं. त्या कार्यालयाने स्थापनेपासून पहिल्यांदाच दोन दिवसांत काम केलं. पुदिना उपटला, जमीन सपाट केली आणि वर शहाबादी फरशी बसवली. कडेला पाटीही लावली, येथे पाणी टाकू नये. मी खिडकीतून ते बघितलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. पण आपलंच पत्र, आपणच काय बोलणार. मी खिडकी लावून घेतली.

मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम, पाणी मोरीत ओतायलेय आता. चालतंय ना तुमाला?" सहा वर्षं मी ताई होते, अरे-तुरेतली. एका रात्रीत मॅडम झाले आणि तुम्हीही झाले. डब्यात चटणीच्या जागी शेंगदाण्याचा कूट आला, आणि तोही त्या मला द्यायच्या नाहीत.

एप्रिल लागला. हैदराबादचा एप्रिल काय सांगावा. कावळेसुद्धा टाकीखाली बसतात. त्या उन्हात माझ्या पडद्यावर घरघर सुरू झाली. सरळ रेषा दिसायची तिथे केरसुणीसारखा जाड पट्टा. घराघरांतली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, ती हवेतून, वायरींतून सगळीकडे शिरते. माझा तंतू जे मोजतो ते तिच्यापुढे काहीच नाही. म्हणून तर आम्ही सगळं तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचो आणि पिंजरा जमिनीला जोडायचो, की बाहेरची वीज जाळीवर पकडली जाऊन जमिनीत उतरावी. आता ती उतरत नव्हती.

पहिला उंदीर त्यात गेला. सकाळी रेषा बरी होती, कवटी उघडेपर्यंत पट्टा झाला. औषध सोडलं तेव्हा टेकाड आलं की नाही, देव जाणे. त्या घरघरीत हत्ती चढला असता तरी दिसला नसता. दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "कामी आला का, मॅडम?" मी म्हटलं, "मशीनने दगा दिला." त्यांच्या वहीत प्रत्येक उंदरापुढे कामी आला असं लिहिलेलं असायचं. ह्याच्यापुढे त्यांनी नुसती रेघ मारली.

मी परेशान. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, फ्रीज बंद केला. घामाने निथळत, कपाळाला डोंगर चढणारे बांधतात तो बॅटरीचा दिवा बांधून बसले. बाजूच्या प्रयोगशाळेतल्या मुलांनी मोबाइल चार्जिंगला लावला म्हणून त्यांच्याशी भांडले. लिफ्ट बंद करायला लावली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले प्राध्यापक जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माझा उद्धार करत चढले. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, गुंटूरचे, शांत माणूस, चाळीस वर्षं मेंदूत घालवलेले. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थोडे दिवस थांब. वीजवाल्या चाचांना बोलाव." चाचा गौलीगुड्याहून यायचे, आणि तेव्हा ते पुतणीच्या लग्नासाठी बिदरला गेले होते. दहा दिवस लागणार होते.

दहा दिवस थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण थांबणं माझ्या कुंडलीत नाही. मी डोकं लढवलं. रविवारी इमारत रिकामी असते, सगळी यंत्रं बंद, म्हणजे घरघर कमी. रविवारी पहाटे जाऊन बघितलं तर खरोखर रेषा पातळ झाली होती. मी उंदीरघरात गेले. मावशींची रविवारची पाळी होती. त्यांनी पिंजरा हातात धरूनच विचारलं, "मशीन बरं झालंय का?"

मी म्हटलं, "हौ, झालं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. झालं नव्हतं. मला ते माहीत होतं. त्यांनी पिंजरा दिला आणि म्हणाल्या, "ह्याला थंडी लई वाजते. खाली गरम कापड घाला."

मी घातलं. साडेदहाला तंतू जागेवर पोचला. रेषा छान. मी औषधाची नळी हातात घेतली आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी रविवार असूनही काम करणाऱ्या कर्तबगार माणसाने मोठा एसी सुरू केला. पडद्यावर केरसुणी. मी वर धावले, एसी बंद करायला लावला, खाली आले, तोवर उंदराचा श्वास मंदावला होता. साडेअकराला तो गेला. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. खरं सांगते, मला तेव्हा प्रबंधाची आठवण झाली नाही. थंडी वाजते म्हणून सांगितलेलं तेच कानात वाजत होतं.

आता चार उंदीर उरले आणि चार टेकाडं हवी होती. एकही वाया घालवून चालणार नव्हतं.

बुधवारी मी तिसरा मागायला गेले. मावशींनी हात पुसले, वही बंद केली आणि म्हणाल्या, "देणार न्हाई."

"मावशी, समितीची परवानगी आहे."

"असंल. समितीला म्हणा, येऊन घेऊन जा. मी दोन दिले. तुमी 'झालं' म्हणून नेलं आन झालं नव्हतं. आता आदी मशीन मला दाखवा. रेघ सरळ दिसली की मी सोता पिंजरा आणून देते."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. एका उंदीरघरातल्या बाईने मला अडवावं? हा विचार माझ्या मनात आला, लपवत नाही. मी तरातरा सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या बरोबर बोलतायत. सहा वर्षांत मी तुला हे शिकवायला हवं होतं." सरांना मी कधी उलट बोललेले नाही. त्या दिवशी मात्र दार जरा जोरात लागलं.

घरी आईला कुणकुण लागली. तिने दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत लिंबू आणि सात मिरच्या ओवून ठेवल्या. म्हणाली, "तुझ्या त्या पेटीला बांध. कुणाची तरी नजर आहे." माणूस बुडायला लागला की काय काय धरतो. मी, जिवंत मेंदूतला वायू मोजणारी, आजूबाजूला कुणी नाही बघून ते तांब्याच्या पिंजऱ्याला बांधलं. आणि नेमक्या मावशी मशीन बघायला आत आल्या. त्यांनी पडदा बघितला, मग लिंबू बघितलं, मग मला बघितलं.

"तुमी शिकलेल्या ना, मॅडम?"

मी लिंबाच्या पुढे सरकून उभी राहिले.

"लिंबू हाय, मिरची हाय," त्या म्हणाल्या. "पुदिना ऱ्हायला असता तर चटणी तरी झाली असती."

आणि गेल्या. मी लिंबू सोडून खिशात टाकलं. आयुष्यात इतकं नेमकं मला कुणी मारलेलं नाही.

चाचा अखेर आले. पांढरी दाढी, खांद्याला पिशवी, तोंडात पान. त्यांनी एक मीटर लावलं, वायर धरून भिंतीपर्यंत गेले, भिंतीतून बाहेर, आणि खिडकीखाली येऊन थांबले. "अर्थिंग का गड्ढा इधरीच होना," ते म्हणाले. "किधर गया?"

मी विचारलं, कसला खड्डा. चाचांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि समजावून सांगितलं. तुमच्या पेटीची वायर इथे जमिनीत खोल पुरलेल्या पत्र्याला जोडलेली. भोवती मीठ आणि कोळसा. ती जागा कायम ओली राहिली पाहिजे, तरच वीज जमिनीत उतरते. उन्हाळ्यात तर रोज पाणी घालावं लागतं. "इत्ते साल चलरा था, बोले तो कोई ना कोई पानी डालरा था रोज. कौन डालता था, बेटी?"

मी फरशीकडे बघत उभी राहिले. त्या फरशीखाली लोखंडी झाकण होतं, आणि झाकणाभोवती पुदिना होता, आणि पुदिन्याला रोज सकाळी बादलीभर पाणी होतं. ते पाणी मी बंद केलं होतं. ओलाव्याने मापं बिघडतात असं लिहून. सहा वर्षं माझी रेषा मावशींच्या बादलीवर सरळ उभी होती आणि मी माझाच हात चांगला आहे असं समजत होते. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात. मी तर वरून शहाबादी बसवून घेतली होती.

कार्यालयात गेले, फरशी काढायची आहे म्हटलं. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि सांगितलं, नुकतंच झालेलं काम आहे, तोडायला वरून मंजुरी लागेल, पावसाळ्यानंतर बघू. माझी शिष्यवृत्ती जूनअखेर संपणार. मी चाचांना विचारलं, पहार आहे का. चाचा म्हणाले, "पहार है, मगर तू कुछ देखी नहीं, मैं कुछ किया नहीं." शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी दोन फरश्या उचकटल्या. झाकणाखाली माती भाजून भेगाळली होती. चाचांनी मीठ आणि कोळसा घातला आणि मला म्हणाले, पाणी आण.

पाणी आणायला उंदीरघरातच जावं लागणार होतं. मी तेवढ्या पन्नास पावलांत माफीची सहा वाक्यं जुळवली. त्यात परिस्थिती होती, डास होता, गैरसमज होता. मावशी बाटल्या उपड्या करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, चूक झाली."

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

सहाची सहा वाक्यं गळून पडली. "माझी."

"हां," त्या म्हणाल्या आणि बादली उचलली. मी उचलायला गेले तर देईनात. पाणी त्यांनीच ओतलं, चार बादल्या, जमिनीने गटागटा पिऊन टाकलं. मग आम्ही तिघं खोलीत जाऊन पडद्यासमोर उभे राहिलो. सोमवारपर्यंत पट्टा पातळ पातळ होत गेला आणि सोमवारी दुपारी रेषा झाली, पूर्वीसारखी. मावशी डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.

"हौ, एवढंच."

"मग ते दोघं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः पिंजरा आणून दिला.

चारही उंदरांचं काम झालं. दर वेळी सकाळी आधी मावशी यायच्या, रेघ बघायच्या, मग पिंजरा. चौथ्या वेळी सर धीर द्यायला माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, त्याने काम आणखी अवघड झालं. पण टेकाड आलं. वर गेलं, दहा सेकंद राहिलं, उतरलं. जिवंत मेंदूने एक निरोप दिला आणि तो मी वाचला, हे त्या क्षणी मला वाटलं आणि डोळे भरून आले. सकाळी मावशींनी विचारलं, "कामी आला का गं, ताई?" मी हौ म्हटलं. ताई झाले होते, पण ते मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

मग प्रबंध लिहिणं. किती उंदीर घेतले, किती धरले, किती वगळले, हे त्यात लिहावंच लागतं. मी लिहिलं, दोन प्राणी तांत्रिक कारणाने वगळले. सगळे असंच लिहितात. सरांनी वाचून पान उलटलं. छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी मावशींनी विचारलं, "त्या दोघांचं काय लिवलंस?"

मी वाक्य मराठीत करून सांगितलं. त्या विचारात पडल्या.

"तांत्रिक म्हंजे कोण?"

मी हसले. म्हटलं, मावशी, असं लिहायची पद्धत आहे. त्या बरं म्हणाल्या आणि पिंजऱ्याकडे वळल्या. प्रबंध तसाच छापला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सभागृह बरंच रिकामं होतं. पुढच्या ओळीत बाबा, नवा सदरा घालून, आणि त्यांच्या शेजारी समोरचे काका, अर्धशिशीसकट. मागे दाराशी मावशी उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत. खुर्च्या रिकाम्या असून बसल्या नाहीत. मला बरं वाटलं. माझ्यासाठी म्हणून एवढं नटून आल्या.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या. लेपाबद्दल विचारलं, औषधाच्या थेंबाबद्दल विचारलं, सगळं नीट गेलं. मग त्यांनी पान उघडून विचारलं, हे दोन प्राणी तांत्रिक कारणाने वगळले म्हणता, कारण नेमकं काय?

सांगण्यासारखं तयार होतं माझ्याकडे. जमिनीची जोडणी निकामी झाली होती, नंतर दुरुस्त केली. एक शब्द खोटा नाही. त्यावर बाई पुढे गेल्या असत्या आणि मी डॉक्टर झाले असते. सर माझ्याकडे बघत होते, बाबा बघत होते. माझी नजर दाराकडे गेली.

मी म्हटलं, "ते कारण मी आहे."

मग सगळं सांगितलं. डास, पत्र, फरशी. पहिला उंदीर गेला तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी यंत्र बिघडलेलं आहे हे ठाऊक होतं, तरी ते दुरुस्त झालं असं सांगून मी तो मागून घेतला, कारण मला दहा दिवस थांबवत नव्हतं. आवाज मध्येच फुटला. इंग्रजीत रडताना माणूस फार विचित्र दिसतो. बाबा पुढे वाकून ऐकत होते, आणि काकांनी डोकं धरलं.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, सहा वर्षं गेली पाण्यात. मग त्या म्हणाल्या, "हे असंच लिहा. एक परिच्छेद. तो प्रबंधात घाला, मग मी सही करते." तो परिच्छेद मी त्याच दुपारी लिहिला. सरांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही. प्रबंध ग्रंथालयात आहे, कुणीही वाचू शकतं.

बाहेर बाबांनी पेढे वाटायला घेतले. मी एक घेऊन मावशींकडे गेले. म्हटलं, "कळलं का आत काय झालं? सगळं इंग्रजीत होतं."

"तू छातीवर हात ठिवलास, तवा कळलं."

मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "मावशी, माझ्यासाठी दोन तास उभ्या राहिलात. बसायचं होतं की."

त्यांनी पेढ्याचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. म्हणाल्या, "तुझ्यासाठी न्हाई गं आले. त्या दोघांसाठी आलते."